तांदळातला फोन

तांदळाच्या डब्यातून टुंग असा आवाज आला. सावळीनं झाकण काढून कोपरापर्यंत हात घातला, तर सकाळपासून हरवलेला तिचा फोन निघाला. मुरबाडच्या बाजूला एका कंपनीत भाताचा पेंढा आंबवून अल्कोहोल करतात. टाकीत ते किती झालं, हे क्षणाक्षणाला त्या फोनवर दिसतं आणि त्यावर नजर ठेवणं हीच सावळीची नोकरी. आत्ताही हिरवी रेघ मजेत वर चढत होती.

"भूमिके, फोन तांदळात कोनी पुरला गो?"

सहा वर्षांची भूमिका रडवेली झाली. "मीच. पोलिसांनी बघितला तर तुला पन नेतील."

सावळीची सासू हौसा हिनं वाडीतल्या लग्नासाठी मोहाची फुलं एका मडक्यात आंबत घातली होती. काल पोलिसांनी ते मडकं फोडलं आणि म्हातारीला गाडीत बसवून शहापूरला नेलं. ती अजून परतली नव्हती.

सावळीनं लेकीला मांडीवर ओढलं. "येडी गो माझी! आमच्या टाकीला परवानगी हाय. मोठ्या सायबांनी नारळ फोडून चालू केली ती. आनि आमची दारू मानसं नाय पीत. पेट्रोलात घालतात. गाड्या पितात."

"सगळ्या गाड्या?"

"सगळ्या."

भूमिकेनं डोळे पुसले. "मग आजीला न्यायला आलेली पोलिसांची गाडी पन पिऊनच आलेली ना?"