दादासाहेबांचा दवाखाना

“दवाखाना पाडायचा?” दादासाहेब ठरावाचा कागद फडकवत खुर्चीतून उठले. रागाने नव्हे, आनंदाने.

नगरपालिकेच्या सभागृहात गेली तीन वर्षं त्यांचा एकच नेम होता. समोरच्या बाकावरची ताई जे मागेल, त्याला नाही म्हणायचं. तिने निवडणुकीत त्यांच्या सख्ख्या भावाला पाडलं होतं आणि ते शल्य काही जात नव्हतं. पहिल्या वर्षी तिने रस्त्यावरचे दिवे मागितले, दुसऱ्या वर्षी गटार, मग कसलंसं छप्पर. बहुमत दादासाहेबांचं. त्यांनी तिन्ही ठराव उडवून लावले आणि प्रत्येक वेळी घरी जाऊन दोन घास जास्त जेवले.

पण जिंकूनही पदरात काही पडत नव्हतं. गटार तुंबलं की लोक दादासाहेबांच्याच नावाने बोटं मोडत. आता मात्र बाईने आपणहून पायावर धोंडा पाडून घेतला होता. वॉर्डातला जुना दवाखाना पाडून तिथे बाजारातल्या दुकानदारांच्या गाड्या उभ्या करायला जागा करावी, असा लेखी ठराव, आणि खाली तिचीच सही!

“दुकानदारांना मी शब्द दिलाय, दादासाहेब,” ताई म्हणाली. “गळकी इमारत ती. ठेवून करायचंय काय?”

“सोमवारी मतदान,” अध्यक्षांनी जाहीर केलं.

दुसऱ्याच दिवशी दवाखान्याची सिस्टर दादासाहेबांच्या दारात येऊन उभी राहिली. वीस वर्षं तिथे सुया टोचणारी, तोंडाने फटकळ बाई.

“साहेब, मतं मागायला आमच्या दारावरून जाता. आत कधी डोकावलात? आज चला.”

दादासाहेब गेले. खरं सांगायचं तर भाषणाला चार मुद्दे मिळतील म्हणून गेले.

आत एकच खोली. मधोमध चादरीचा पडदा, त्याच्या अलीकडे ड्रेसिंग, पलीकडे बायकांची तपासणी. लशींच्या फ्रिजवर प्लास्टिक पांघरलेलं, कारण वर छत गळत होतं. दारात दोन मुलगे आपल्या म्हाताऱ्या बापाला खुर्चीसकट पायऱ्यांवरून उचलून आणत होते आणि म्हातारा दोघांनाही “नीट धरा रे गाढवांनो” म्हणून शिव्या घालत होता.

बाकावर एक बाई सहा महिन्यांची मुलगी घेऊन बसली होती. “हा बंद झाला तर पुलापलीकडच्या मोठ्या इस्पितळात जावं लागेल,” ती म्हणाली. “तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन दोन बस बदलायच्या. तोवर काय झालं म्हणजे?”

मुलीने दादासाहेबांचं बोट धरलं. मूठ चटका बसावा इतकी गरम होती. त्यांना एकदम लाज वाटली. मुद्दे लिहायला काढलेलं पेन त्यांनी गुपचूप खिशात ठेवलं.

सोमवारी प्रेक्षकांच्या गॅलरीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. दादासाहेब चाळीस मिनिटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच ते मनापासून बोलत होते, आणि ते ऐकणाऱ्यांनाही कळत होतं.

“पाडायचा तर नाहीच! नवं छप्पर घाला!”

“छप्पर घालाल हो,” ताई उसळून म्हणाली, “पण एका खोलीत कसला आलाय दवाखाना?”

“मग दुसरी बांधा! बायकांना वेगळी खोली!”

“आणि पायऱ्या? म्हातारी माणसं काय उडत येणार?”

“उतरण करा! लोखंडी कठड्यासकट! अध्यक्ष, लिहून घ्या, सगळं लिहून घ्या!”

गॅलरी टाळ्यांनी दणाणली. ताई मटकन खाली बसली आणि तिने रुमालात तोंड लपवलं. नऊ विरुद्ध सहा मतांनी तिचा ठराव पडला आणि दादासाहेबांची सूचना जशीच्या तशी मंजूर झाली. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. फटकळ सिस्टर ढसाढसा रडली.

पुढचे आठ महिने दादासाहेब रोज सकाळी बांधकामावर. गवंड्याशी भांडले, वाकडी दारं दोनदा परत पाठवली, उतरणीवरून स्वतः चारदा चालून पाहिलं. बायको म्हणाली, “आपलं घर बांधताना एवढे उन्हात उभे राहिला नव्हतात.” ते नुसते हसले. खूप वर्षांनी त्यांना स्वतःचा अभिमान वाटत होता.

उद्‌घाटनाला अख्खा वॉर्ड लोटला. फीत कापली तेव्हा ती मुलगी आईचं बोट धरून दुडुदुडु उतरण चढत होती. ताई शेवटच्या रांगेत उभी राहून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. दादासाहेबांना तिची कणव आली. हरलेल्याशी मोठ्या मनानं वागावं, म्हणून त्यांनी तिला हाताला धरून पुढे आणलं.

“ताई, मनात राग नाही ना?”

“छे हो, दादासाहेब. तुमच्याशिवाय हे होणंच शक्य नव्हतं.”

ती सिस्टरशी बोलायला आत गेली. दादासाहेबांनी नगरपालिकेच्या इंजिनियरच्या पाठीवर थाप मारली. “शाबास रे पठ्ठ्या! सोमवारी ठराव झाला आणि शुक्रवारी नकाशा टेबलावर. दोन खोल्या, उतरण, कठडा, अगदी माझ्या मनातलं. एवढ्या झटपट काढलास कसा?”

“झटपट कसला, साहेब?” इंजिनियर भाबडेपणाने म्हणाला. “तो ताईंनी त्याच्या वर्षभर आधीच काढून घेतला होता. म्हणाल्या, नीट जपून ठेवा, दादासाहेब बांधून देतील.”