तुझं लक्षच नसतं

बर्गनच्या शाळेत आठवीचा गणिताचा तास चालू होता. नगरपालिकेने दिलेल्या लॅपटॉपवर पोरं मुकाट्याने अपूर्णांक सोडवत होती. कोण काय करतंय ते शिक्षिकेला, इंगुनला, टेबलावरच्या स्क्रीनवर दिसायचं. पोरं मात्र हे पहिल्याच आठवड्यात विसरली होती.

आत्ता तिथे दिसलं, सुन्निवा नावाच्या पोरीने शोधलं होतं, ‘शिक्षिका रडत असेल तर काय करावं?’

खाली उत्तर होतं, ‘काही विचारू नका. तिचं मन दुसरीकडे वळवा.’

इंगुनने घाईघाईने डोळे पुसले. तोवर सुन्निवाचा हात वर गेला होता.

“इंगुन, मला यातलं ओ की ठो कळलं नाही. पहिल्यापासून सांगतेस?”

इंगुनने स्क्रीन पाहिली. सुन्निवाची वीसच्या वीस गणितं बरोबर होती, दहा मिनिटांपूर्वीच जमाही झाली होती.

“तुझं कधी लक्षच नसतं गं,” म्हणत इंगुन फळ्याकडे निघाली.