टोळीचं घड्याळ

बायडाबाईनं रुमालाची गाठ सोडली आणि घड्याळ काउंटरवर ठेवलं.

"नातीनं सेल घातला तर वाजतंय," ती म्हणाली. "पर आकडे दिसत न्हाईत."

मोनिकानं घड्याळ उचललं. काळ्या प्लॅस्टिकचं, चौकोनी, आकड्यांचं. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं असावं. पट्टा कधीच तुटला होता. त्या जागी परकराची नाडी ओवली होती. काच ओरखड्यांनी पांढुरकी झालेली, आणि आत आकड्यांच्या जागी शाई सांडल्यासारखा डाग.

भिंगारच्या बाजारातलं हे दुकान मोनिकाच्या वडिलांचं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. मोनिका आता जुनी डिजिटल घड्याळं नवी करून देते. वरचं खोकं तेच, बटणं तीच. आत उजळ आकड्यांची नवी स्क्रीन आणि वर हव्या त्या रंगाची काच. पुण्या-बंगळुरूची पोरं तिच्याकडं कुरिअरनं घड्याळं पाठवतात. बायडाबाईच्या नातीनं, धनश्रीनं, मोबाईलवर तिचं काम पाहिलं होतं. म्हणून बायडाबाई पाथर्डीकडची सकाळची एसटी धरून एकटीच आली होती.

मोनिकानं काचांचा डबा पुढं सरकवला. लाल, निळी, हिरवी, पिवळी. बायडाबाईनं एकेक काच चिमटीत धरून डोळ्याला लावली आणि बाहेर पाहिलं. पिवळी काच तिनं लवकर खाली घेतली नाही. समोरून एक टेम्पो गेला, दोन बायका भाजीची पिशवी घेऊन गेल्या, तरी ती बघतच होती.

"समदं पाचटागत दिसतंय," ती हळूच म्हणाली. "ऊस तोडल्यावर फड दिसतो ना, तसं."

"हीच बसवू? तुम्हीच घालणार ना?"

"न्हाई गं. रंगुबाईला द्यायचंय. आमच्या ऊसतोडीच्या टोळीतली. राहात्याला लेकीकडं असती आता. नजर गेलीया निम्मी. दिस कुठला, रात कुठली, कळत न्हाई म्हणती."

"मग रंगीत नको, आजी. नजर कमी असली की साधीच काच बरी. मागं काळं आणि आकडे पांढरे, ठळक करते."

बायडाबाईनं पिवळी काच पदराला पुसून डब्यात ठेवली. "आवाज बदलंल का?"

"नाही. आवाजाची चकती पाठीमागच्या झाकणाला चिकटलेली असते. ती तशीच राहील."

मोनिकानं डोळ्याला भिंग लावलं आणि चार बारीक स्क्रू काढले. आत धूळ होती, आणि उसाच्या पानाचं कूस असावं असं काहीतरी. तिनं ते ब्रशनं झटकलं, जुनी स्क्रीन आणि काच काढून नवी बसवली. बायडाबाई स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसून राहिली, दवाखान्यात बसावं तशी.

झाकण लावून मोनिकानं बटण दाबलं. काळ्यावर पांढरे आकडे उमटले.

"अकरा बेचाळीस," बायडाबाईनं न अडखळता वाचलं.

"शाळेत गेला होतात, आजी?"

"कुठली शाळा. ह्याच्यावरच शिकले. बारा कोयत्यांची टोळी आन् घड्याळ येकच. माझ्या हाताला असायचं. समद्यांना उठवायचं काम माझं."

मोनिकानं तपासायला म्हणून गजर एक मिनिट पुढं लावला आणि घड्याळ तिच्यासमोर ठेवलं. दोघी बघत राहिल्या. अकरा त्रेचाळीस झाले. घड्याळानं एकदाच टीक केलं. दुसऱ्यांदा वाजायच्या आत बायडाबाईचा अंगठा बटणावर होता.

मोनिका हसली. "वाजू द्या की थोडं."

बायडाबाई हसली नाही. तिनं अंगठा बटणावरच ठेवला होता.

"येकदा असंच दाबलं हुतं," ती म्हणाली. "रंगुबाई फडावरच बाळंत झाली. तिसरा दिस हुता. मुकादम म्हनला, गाडी भरायचीय, कुनी मागं ऱ्हायचं न्हाई. पाटं चारचा गजर. वाजला तसा मी दाबला. म्हनलं, झोपू दे बाईला. अर्ध्या तासानं समद्यांना हाका मारल्या."

"मग?"

"मग काय. मुकादम लई बोलला. मी म्हनलं, घड्याळ मागं पडलं. त्या दिसापून टोळीत नाव पडलं, बायडीचं घड्याळ खोटं. जो तो चिडवायचा. रंगुबाईचा मालक तर ऱ्हाऊन ऱ्हाऊन आभाळाकडं बघायचा, चांदनीवर वेळ सांगायचा." ती घड्याळाची कड पदरानं पुसू लागली. आधीच स्वच्छ होती. "ह्यानं येका मिंटाची चूक केली न्हाई कवा. माझ्यापायी बिचाऱ्यानं ऐकून घेतलं."

मोनिकानं कपाटातून काळा पट्टा काढला. बायडाबाईनं मान हलवली. नाडीच बरी होती. रंगुबाईच्या मनगटाला पट्टा सैल होईल, ती लई वाळलीया, असं ती म्हणाली. मोनिकानं तीच नाडी पुन्हा ओवून दिली.

"आता भेटलात की त्यांना सांगा खरं काय झालं ते," मोनिका म्हणाली. "इतक्या वर्षांनी त्यांना बरं वाटेल."

बायडाबाईनं घड्याळ रुमालात गुंडाळलं. गाठ मारताना ती थांबली.

"तिला काय सांगायचं," ती म्हणाली. "ती जागीच हुती. पोरीला पाजत बसली हुती. मी गजर दाबला तवा तिनं माझ्याकडं बघितलं, आन् पोरीला घिऊन गपचिप आडवी झाली. मी बी तिच्या शेजारी पडले. झोप दोघींलाबी न्हाई आली."