चाकाचा बोल्ट

मरोळच्या जॉनने जन्मभर जुन्या ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवलं. नुसता बोल्ट बघितला की पार्ट नंबर तोंडावर यायचा. दर रविवारी तो चर्चमधून घरी आला की कॅनडातून मुलाचा, ब्रायनचा, फोन ठरलेला. "डॅडी, बोल्टचा फोटो टाकलाय, नंबर सांग ना. माझ्या जुन्या ट्रकचा आहे. ट्रक पुन्हा चालायला लागला की लगेच येतो घरी!" असं म्हणत त्याने दोन नाताळ घालवले होते.

आजचा फोटो मात्र जॉनने मोठा करून बघितला. असलाच बोल्ट त्याने कालच आवळला होता, लकवा झालेल्या बायकोच्या, एथेलच्या, व्हीलचेअरचा.

"ब्रायन... पाय कधी गेले रे तुझे?"