दुसऱ्या हातात चहा

"बघ तरी, टेरेन्स झुडपांचं कुंपण काय सुरेख कापतोय! एका हातात बिनवायरचा ट्रिमर, दुसऱ्या हातात चहा," लीड्समधल्या आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मॉरीन नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर तू! स्वतःच्याच ट्रिमरची वायर कापून बसलास."

रॉडनीच्या पोटात दुखायला लागलं. पंधरा दिवस मोबाइलमध्ये डोकं घालून त्याने शेजारच्या टेरेन्सकडे होता अगदी तसाच ट्रिमर निम्म्या किमतीत मिळवला. "टेरेन्स बावळट, दुप्पट मोजून बसला!" म्हणत खुशीत खोकं उघडलं, तर आत बॅटरीच नाही. ती वेगळी घ्यायची होती, ट्रिमरच्याच भावात.

शेवटी ओशाळं हसत त्याने टेरेन्सचं दार वाजवलं. टेरेन्सने लगेच बॅटरी काढून दिली. पण नुसती कशी घ्यायची, म्हणून रॉडनी बोलून गेला, "आधी तुझं कुंपण कापून देतो."

"छे छे, कशाला!" म्हणत टेरेन्स चहाचा मग घेऊन खुर्चीत बसला.

रॉडनी आपल्या कुंपणाकडे वळला, तेव्हा बॅटरी संपली होती.



संध्याकाळी बाजारातून आलेली मॉरीन फाटकातच थबकली. "बघितलंस? टेरेन्सने आज तर कमालच केलीय!"