एक फेरी पुरे

"पोटच्या पोराला नापास केलंस!" रुझाने हातातला वाढायचा डाव टेबलावर आपटला. "अरे, तो दुसरा डॉक्टर पास करत होता ना त्याला?"

मेजर डॉक्टर नेगोवान खुर्चीत बसून बूट काढत होता. तीन जिने चढून आला की आधी बूट, मग बोलणं, हा त्याचा शिरस्ता. प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांची विचारपूस करायची त्याची जुनी खोड होती. "निघाली मेजरसाहेबांची स्वारी," असं म्हणून रुझा एरवी चिडवायची. आज तिला चिडवायचं सुचत नव्हतं.

"त्या डॉक्टरने दोनदा तपासलं, आई," खिडकीशी उभा असलेला वेल्को म्हणाला. एकोणीस वर्षांचं दांडगं पोर, पण आवाज अगदी खोल गेला होता. "म्हणाला, धडधाकट. तेवढ्यात बाबा म्हणाले, थांबा. नळी लावली आणि लगेच काढली. म्हणाले, हृदयाच्या झडपेत दोष आहे. मग त्यानेही पुन्हा ऐकलं, तेव्हा कुठे त्याला पटलं."

कागदावर शिक्का बसला होता: सैन्यसेवेस अपात्र.

क्राल्येवोच्या त्या डोंगराळ मुलखात असा शिक्का म्हणजे पोराच्या कपाळावरचा डाग. अशा पोराला मुलगी कोण देणार? म्हणून तर भरतीच्या दिवसांत आयाबाया नेगोवानच्या दारात येऊन रडायच्या. पोराला सोडवा म्हणून नाही हं, पोराला घ्या म्हणून! सोबत राकिया दारूची बाटली, नाहीतर भाजलेलं डुक्कर. वीस वर्षांत त्याने एक थेंब की एक तुकडा घेतला नव्हता. "उद्या तुमचा मुलगा बर्फात कोसळला तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू?" एवढंच म्हणून तो बाटली परत करायचा.

रुझाला त्याचा केवढा अभिमान होता! शेतकऱ्याचं पोर. साधा शिपाई म्हणून गेला, सैन्याने हुशारी हेरून त्याला डॉक्टर केलं. सैनिकी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात ती बटाटे सोलत होती, तिथे त्याने तिला पाहिलं. सरळ माणूस. पण आज तोच सरळपणा तिच्या लेकराच्या मुळावर आला होता.

"रविवारी आजोबांच्या बागेत मांडव आहे, दीडशे माणसं येणार," ती म्हणाली. "पोराला सैन्यात धाडायचं जेवण! आता काय सांगू लोकांना? इतक्या आया तुझ्या दारात रडल्या, आता मीही रडू का?"

नेगोवान उठून तिच्याजवळ आला. "रुझा, तिकडे पाठीवर ओझं देऊन पळवतात. तिसऱ्या किलोमीटरला काय होतं, ते मला ठाऊक आहे. दुसरं काहीही माग, देतो. मांडव तसाच राहू दे. जेवण होऊ दे. पोरगं घरी राहणार, याचं जेवण समज."

"पण मग मी काय करू, बाबा?" वेल्कोने विचारलं.

"शीक. लग्न कर. पोरंबाळं होऊ दे. या हृदयावर माणूस साठी सहज गाठतो."

"कशावरून?"

"डॉक्टर तू की मी?" नेगोवानने त्याच्या पाठीत धपाटा घातला. पोरगं सकाळपासून पहिल्यांदा हसलं.

रविवारी सगळी टेकडी जेवायला लोटली. कुजबुज झाली, नाही असं नाही. पण कोबीच्या पानांतला सार्मा फर्मास झाला होता आणि कोकराची पाठ खरपूस. तोंडं खाण्यात गुंतली की कुजबुजायला वेळ कुठे असतो? अकॉर्डियन वाजलं आणि कोलो नाचाचा गोल सुरू झाला. नेगोवानने लेकाचा हात धरून त्याला गोलात ओढलं. एक फेरी झाली तशी त्याला तसाच हाताला धरून बाहेर आणलं. "एक फेरी पुरे," म्हणाला. दोघं बाकावर टेकले आणि कशावर तरी खो खो हसत सुटले. त्यांना तसं पाहून रुझाचं मन निवलं. पण राग मात्र तळाशी होताच.

ताट भरून ती म्हाताऱ्याकडे गेली. नेगोवानचा बाप तानासिये, चौऱ्याऐंशी वर्षांचा, आलुबुखाराच्या झाडाखाली बसला होता. या घरात सैन्याची बूज त्याच्याइतकी कुणाला नव्हती. लेकाचा गणवेशातला फोटो त्याने देवाशेजारी लावला होता.

"बाबा, तुम्ही तरी त्याचे कान उपटा," ती म्हणाली. "नातवाला घरी बसवलं त्याने. तुमच्या वेळी असं झालं असतं तर?"

"झालं होतं की, पोरी." म्हाताऱ्याने तोंडातला घास संपवला. "असाच मांडव घातला होता. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी गावच्या डॉक्टरने नळी लावून सांगितलं, पोराच्या काळजात दोष आहे, हा काही पास होत नाही."

"मग?"

"मग काय! भरतीच्या डॉक्टरच्या दारात जाऊन रडलो. सोबत कोकरू नेलं होतं."

"घेतलं त्याने?"

"घेतलं. तुझ्या नवऱ्यासारखा कडक नव्हता तो."

रुझाला काही उमजेना. "पण बाबा, तुम्हाला तर एकच मुलगा."

म्हाताऱ्याने हनुवटीने बाकाकडे खूण केली. "तोच. नेगोवान."