आमच्या घरातली इंग्रजी

पंच्याण्णव साली लग्न होऊन मी सटाण्याहून नाशिकला आले. माझ्यासमोर काही लपवायचं असलं, की सासूबाई आणि नणंद मोहिनी इंग्रजी सुरू करायच्या. काय म्हणालात, असं विचारलं की सासूबाई हसून म्हणायच्या, "तुला नाही कळायचं, रंजना."

मग दुपारी त्या झोपल्या, की मी स्वयंपाकघरात बारीक आवाजात इंग्रजी शिकवणाऱ्या कॅसेट ऐकायला लागले. वर्षभराने पहिलं अख्खं वाक्य कळलं. माझी आई भेटायला आली होती आणि सासूबाई मोहिनीला इंग्रजीत सांगत होत्या, "हिच्या आईला कामवालीच्या कपात चहा दे."

आईने तो चहा पिऊन वर त्याचं कौतुकही केलं. मला इंग्रजी कळतं, हे त्यांना आजवर कळू दिलेलं नाही. वेदिका झाली, तेव्हा मात्र पहिल्या दिवसापासून मी तिच्याशी माझ्या माहेरच्या अहिराणीतच बोलले. "ही गावठी भाषा कशाला शिकवतेस?" सासूबाई कुरकुरायच्या. मी शिकवत राहिले.

परवा आई आली होती. सात वर्षांच्या वेदिकाने तिला अहिराणीत सांगितलं, की आपलं बिस्किट चहात बुडालं. दोघी पोट धरून हसल्या. सासूबाईंचा कप हातातच राहिला.

"काय गं, माझ्याबद्दल काय बोलल्या त्या?"

मी आईच्या कपात आणखी चहा ओतला.


"तुम्हाला नाही कळायचं, मम्मी."